नऊ हजार माणसं आली कुठून?

मंडळी, नमस्कार. समोर चादर-टॉवेलवाले बरेच दिसतायत, शेंगा चटणीवाले आहेत, मागं कॉलेजची मुलं बसलीयत. तुमच्यातल्या अनेकांची वेबसाइट आहे. ती करून देणाऱ्यानं एक पासवर्ड हातावर ठेवला असेल आणि सांगितलं असेल, 'इथं आकडे दिसतील, बघत जा.' आपण बघतो. रेघ वर गेली की बरं वाटतं, खाली आली की चहा कडू लागतो. पण मोजलंय काय, हे विचारायचं राहूनच जातं.

माझंही राहिलं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याची साइट मी बघायचो. पहिल्या महिन्याच्या अहवालात आकडा आला : हिट्स ९,२००. मी मालकांना लगेच फोन लावला, 'मालक, नऊ हजार लोक येऊन गेले!' त्यांनी पेढे वाटले. महिन्याभरात चौकशीचे फोन आले तीन, त्यातला एक राँग नंबर. मग मालक शांतपणे म्हणाले, 'नऊ हजार लोक दुकानात आले आणि भाव कुणी विचारला नाही, असं सोलापुरात तरी कधी झालेलं नाही. तुमचं मोजमाप तपासा.'

तपासलं. हिट म्हणजे माणूस नव्हे. ब्राउझर सर्व्हरकडं, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाकडं, जी जी वस्तू मागतो, ती प्रत्येक एक हिट. आमच्या कॅटलॉगच्या पानावर जकार्ड चादरींचे अडतीस फोटो होते. त्यात पानाची मूळ फाइल, रंगरूपाच्या फाइली, लोगो वगैरे धरून एकदा पान उघडलं की शेहेचाळीस हिट्स पडायच्या. फोटो वाढवा, हिट्स वाढतील. गिऱ्हाईक एकही वाढणार नाही.

आता आपल्या गड्ड्याचं उदाहरण घेऊ. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला एक गृहस्थ होम मैदानावर आले. पाळण्यात बसले, भजी खाल्ली, भांड्यांच्या स्टॉलवर घासाघीस केली, घरी गेले आणि संध्याकाळी पोरांना घेऊन परत आले. प्रत्येक स्टॉलवाल्यानं त्यांना मोजलं तर ती झाली पानं, म्हणजे पेज व्ह्यू. गेटवर मोजलं तर भेटी दोन, यांना सेशन म्हणतात. आणि माणूस? एकच, तो युजर. हिट्स मोजणं म्हणजे त्यांच्या अंगावरचे कपडे, हातातल्या पिशव्या, पायातल्या चपला असे नग मोजणं.

भेट संपली हे यंत्राला कसं कळतं? कळत नाही, ते धरून चालतं. गूगल ॲनालिटिक्स या गूगलच्या मोजणीच्या साधनात अर्धा तास काही हालचाल झाली नाही की भेट संपली, असा मूळ नियम आहे. तुम्ही कॅटलॉग उघडा ठेवून जेवायला गेलात, पाऊण तासानं येऊन पुढचं पान उघडलंत, की दुसरी भेट. युजरचंही तसंच. बहुतेक ठिकाणी ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवून माणूस ओळखतात. एकच माणूस फोनवर आणि ऑफिसच्या संगणकावर आला, तर सहसा दोन युजर. घरातले तिघं एकाच फोनवरून आले, तर एक. त्यामुळं 'या महिन्यात ४१२ लोक आले' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडं जरा संशयानं बघा.

आणि सगळी माणसं तरी कुठं असतात? गूगलचं यंत्र साइट वाचायला येतं, ते यायलाच हवं. नाहीतर शोधात आपण दिसणार कसे? पण काही यंत्रं कुलूप ओढून बघायला येतात. वर्डप्रेस हे साइट बनवायचं एक तयार साधन. आपली साइट त्यावर नसली तरी वर्डप्रेसच्या लॉगिनचं दार शोधतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, हे सगळे नोंदले जातात. पानात कोड टाकून मोजणाऱ्या साधनात यातले बरेच पकडले जात नाहीत, कारण तो कोड ती चालवतच नाहीत. म्हणून दोन साधनांचे आकडे कधी जुळत नाहीत. जुळवायला रात्र जागू नका, मी जागलोय.

रात्रीवरून आठवलं. एका ओळखीच्या दुकानदाराला वाटायचं, आपलं गिऱ्हाईक पहाटे साडेचारला येतं, परदेशातलं असणार. त्यांनी इंग्रजीतून नवं पान करायला घेतलं होतं. लॉगमधली वेळ जागतिक वेळेनुसार होती. त्यात साडेपाच तास मिळवा : सकाळचे दहा. दुकानं उघडायची वेळ! (हशा) गावाचंही तसंच. मोबाइल इंटरनेटवरून आलेला सोलापूरकर अहवालात पुण्याचा किंवा मुंबईचा दिसू शकतो, कारण अंदाज नेटवर्कच्या पत्त्यावरून बांधलेला असतो. 'सोलापुरात आपल्याला कुणी बघत नाही' असं त्यावरून ठरवू नका.

माणूस आला कुठून, हा माझ्या मते सर्वांत कामाचा रकाना. ब्राउझर येताना बहुधा मागच्या साइटचा पत्ता सांगतो. ज्या ओळीत तो सांगतो तिचं नाव 'रेफरर'. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' सुरुवातीलाच गळाला, १९९६च्या अधिकृत दस्तऐवजातही तसाच राहिला आणि आजही जगभर चुकीचाच चालतो. असो. अडचण अशी, की व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून आलेला माणूस बऱ्याचदा काहीच सांगत नाही. तो 'डायरेक्ट' या रकान्यात पडतो, आणि आपल्याला वाटतं लोक आपलं नाव पाठ करून टाइप करतायत! उपाय सोपा आहे. पार्सलवर आपण गावाचं नाव घालतो ना, तशी लिंकच्या शेपटीला खूण जोडायची. तिला यूटीएम म्हणतात. गूगलनं २००५ साली अर्चिन (Urchin) नावाची कंपनी घेतली, त्यातला 'यू' अजून तिथं आहे. दिवाळीच्या मेसेजला एक खूण, इन्स्टाग्रामला दुसरी. मग कोणत्या दारानं किती आले ते कळतं.

एक शब्द लोकांना उगाच घाबरवतो : बाउन्स रेट. माणूस आला, एकच पान बघून गेला. आता बघा, एखाद्याला तुमचा नंबर हवा होता. त्यानं पान उघडलं, नंबर बघितला आणि पाच सेकंदांत दुसऱ्या फोनवरून लावला. यंत्राच्या हिशेबी हा वाया गेलेला माणूस. तुमच्या हिशेबी लाखाची ऑर्डर. ॲनालिटिक्सच्या आजच्या आवृत्तीत दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती केली, तर भेट कामाची धरतात. ती कृती तुम्हीच ठरवायची : फोनच्या बटणावर बोट टेकलं, व्हॉट्सॲप उघडलं. हे एवढं बसवून घ्या, बाकीचं नंतर.

प्रश्न आलाय. चटणीवाल्या ताई विचारतायत, रोज बघायचं का? नको ताई. रोजचा आकडा लहान असतो, दोनाचे चार झाले तरी 'दुप्पट' दिसतं. सोमवारी एकदा बघा. महिन्याची तुलना करताना मागच्या जानेवारीशी हा जानेवारी लावा, डिसेंबरशी नको. यात्रेचा महिना वेगळाच असतो. आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये लोकांनी कोणते शब्द शोधले ते वाचा. आम्ही साइटवर सगळीकडं 'कॉटन बेडशीट' लिहिलं होतं, लोक शोधत होते 'सोलापुरी चादर'. कुणी 'चद्दर'ही.

मागून विचारतायत, त्या नऊ हजारांतली खरी माणसं किती निघाली? सांगतो. पानं उघडली होती ३१०. त्यातली १३० यंत्रांनी. उरलेल्या १८० पैकी शंभर पानं मालकांच्याच काउंटरवरच्या संगणकानं. ब्राउझर सुरू केला की आपलीच साइट उघडावी, असं मीच लावून दिलं होतं. साठेक माझी, फोटो नीट दिसतात का बघताना. राहिली वीस पानं, ती अकरा जणांनी पाहिलेली. मी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, 'अकरातल्या दोघांनी भाव विचारला. हां, हे पटतं.'