तुरुंगाचे पैसे

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊ, कॅनडात. क्यूबेक प्रांताच्या पार वरच्या टोकाला नुनाविक नावाचा मुलूख आहे. किनाऱ्याने इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची १४ गावं आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. ऐकलंत ना? रस्ताच नाही. कोर्टसुद्धा विमानातून उतरतं. हवा बिघडली की तारीख पुढे. तोवर मारणारा आणि मार खाणारा एकाच दुकानात साखर घ्यायला समोरासमोर.

आता माझा लाडका किस्सा. १९७५ साली जेम्स बे नावाच्या उपसागराकडच्या वीजप्रकल्पापायी सरकार आणि इन्युइटांचा मोठा करार झाला. त्यात नुनाविकमध्ये तुरुंगाची सोय करायची, हेही होतं. वर्षं गेली, तुरुंग काही उभा राहिला नाही. पकडलेल्या पोराला विमानात घालून दक्षिणेला न्यायचे. नुनाविकमधलं कुजुआक गाव ते दक्षिणेतलं माँट्रियल शहर म्हणजे सुमारे १५०० किलोमीटर! आई भेटायला जाणार कशी? मग २००६ साली इन्युइटांनी क्यूबेक सरकारशी सौदा केला : तुरुंग बांधू नका, त्याऐवजी दरवर्षी पैसे द्या, गुन्हा होऊ नये म्हणून आम्ही ते खर्चू. आणि सरकार कबूल झालं! वर्षाला १ कोटी डॉलर, महागाईप्रमाणे वाढते. पुन्हा सांगतो, तुरुंगाऐवजी वर्षाला १ कोटी डॉलर. योजनेचं नाव उंगालुक. त्यातून पोरांना शिकारीला, मासेमारीला नेणारी शिबिरं चालतात.

आपल्याकडे कुणी असं मागेल? इमारत नको म्हटलं तर कोनशिलेवर नाव कुणाचं कोरणार? आमच्या गल्लीतल्या मुतारीवरसुद्धा तीन नावं आहेत. असो.

गावोगावी न्याय समित्याही आहेत. पोलीस किंवा सरकारी वकील छोटी प्रकरणं त्यांच्याकडे पाठवतात. म्हातारी माणसं दोघांना समोर बसवतात. नुकसान भरून द्यायचं, माफी मागायची, गावाचं काम करायचं, असं काही ठरतं. अशा कामांना केंद्र सरकारही १९९१पासून पैसे देतं. पण मार्चएंड तिकडेही ३१ तारखेलाच बरं का! फायलीवर सही होईतो समितीचा माणूस पगाराची वाट बघत बसला, तर ऐन भांडणात मध्ये कोण पडणार?

तिथल्या आणखी एका उपक्रमाचं नाव आहे साकियुक. इन्युइटांच्या भाषेत त्याचा अर्थ, वाऱ्याने दिशा बदलणं. विमानाची वाट बघणाऱ्या गावाला हा शब्द सुचला यात नवल नाही.

वेळ संपली मंडळी. पुढच्या बुधवारी, याच वेळी. नमस्कार.