पडद्याकडे पाठ करून

[काळोख. प्रोजेक्टरची घरघर. हळूहळू रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसू लागतात.]

१९७० च्या दशकात हिरोशी सुगिमोटो नावाचा एक तरुण जपानी छायाचित्रकार भलाथोरला कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरात शिरला. सिनेमा सुरू झाला तसं त्यानं कॅमेऱ्याचं शटर उघडलं, आणि सिनेमा संपल्यावरच मिटलं. अख्खा सिनेमा एका फोटोत. हजारो चित्रं एकावर एक पडत गेली आणि पडदा पांढराफेक झाला. सिनेमाचं त्या फोटोत काहीच उरलं नाही. उरलं ते सभागृह. पडद्यावरून परतलेल्या उजेडात कमान, छत, खुर्च्यांच्या पाठी, सगळं स्वच्छ दिसत होतं.

जुन्या थिएटराचा इतिहास शोधायला निघालं की हा फोटो आठवतो. वर्षानुवर्षं इथे रोज शेकडो माणसं आली, बसली, उठून गेली. ती सगळी एकाच दिशेला बघत होती. डोक्यावर काय आहे, पाठीमागे काय आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे बघायला तिकीट काढून कोण येतो? त्यात अंधार. सभागृहाचा फोटो काढायचा तर खेळ थांबवून दिवे लावायला हवेत, आणि खेळ थांबवला की शिट्ट्या सुरू.

म्हणून या फिल्ममध्ये आपण पडद्याकडे पाठ करून उभे राहणार आहोत.

[कॅमेरा पडद्यापासून सावकाश मागे वळतो.]

थिएटरचे फोटो निघतात ते दोनदा. बारशाला आणि बाराव्याला. न्यूयॉर्कचं रॉक्सी थिएटर ११ मार्च १९२७ ला उघडलं. जवळजवळ सहा हजार खुर्च्या होत्या, पाहायला आख्खं शहर लोटलं होतं. पहिल्या सिनेमाची नायिका ग्लोरिया स्वॉन्सन. १९६० मध्ये रॉक्सी पाडायला घेतलं, तेव्हा छायाचित्रकार एलियट एलिसोफोन यांनी त्याच स्वॉन्सनला अर्धवट पाडलेल्या भिंतींच्या मधोमध उभं केलं. हात पसरलेली नटी, मागे ढिगारा. फोटो गाजला, आणि गाजण्यासारखाच आहे. पण मधली ३३ वर्षं? पावसाळी मंगळवारी दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत कोण बसलं होतं, कुठली खुर्ची मोडकी होती, ते या दोन्ही वेळच्या फोटोंत सापडायचं नाही.

रॉक्सीला निदान फोटो तरी मिळाले. चार-पाचशे खुर्च्यांच्या साध्या थिएटराच्या नशिबी तेवढंही नसतं.

मग सभागृहाकडे निरखून बघत होतं तरी कोण?

ज्यांना आगीची भीती होती, ते.

[फिल्मची एक पट्टी. कडेची भोकं. मग एक ठिणगी.]

साधारण १९५० पर्यंत थिएटरात दाखवली जाणारी फिल्म नायट्रोसेल्युलोजची असायची. हा पदार्थ म्हणजे स्फोटक गनकॉटनचा सख्खा चुलतभाऊ. जळताना लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. आणि अशी फिल्म धावायची कशासमोरून? तर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेल्या विजेच्या ज्योतीसमोरून. फिल्म सरकत असेपर्यंत ठीक. जरा अडकली, तर पुढचं काही क्षणांत होऊन जायचं.

सिनेमाचा जाहीर खेळ पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ ला झाला. त्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी, ४ मे १८९७ ला, त्याच पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारातल्या सिनेमाच्या खोलीत आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. तिथे पेटली ती फिल्म नव्हती. प्रोजेक्टरच्या दिव्यात भरायचं इथर, चटकन पेट घेणारं द्रव, होतं, आणि जवळ कोणीतरी काडी ओढली. पण नाव सिनेमाचं झालं, ते कायमचं.

तोपर्यंत सिनेमाला स्वतःचं घर नव्हतं. कॅफेचं तळघर, जत्रेतला तंबू, खुर्च्या मांडलेलं रिकामं दुकान, जिथे जमेल तिथे खेळ. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात असंच एक छोटं थिएटर निघालं. पाच सेंटच्या नाण्याला तिकडे निकेल म्हणतात, म्हणून त्याचं नाव निकेलोडियन. बघता बघता अशा थिएटरांचं पेव फुटलं. आज उघडलेलं सहा महिन्यांत बंद, मालक तिसराच, नाव चौथंच. त्यांचा इतिहास कागदावर येण्याची तशी काही शक्यता नव्हती.

तो आणला कायद्यानं. ब्रिटनमध्ये १९०९ चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि १ जानेवारी १९१० पासून लागू झाला. नायट्रेटची, म्हणजे तीच नायट्रोसेल्युलोजची, फिल्म दाखवायची तर स्थानिक प्रशासनाचा परवाना हवा, आणि प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या खोलीत हवा. ऑपरेटरची केबिन नावाची गोष्ट सगळीकडे सक्तीची झाली ती अशी. परवाना म्हटला की अर्ज आला. अर्ज म्हटला की नकाशा आला: खुर्च्या किती, वाटा किती रुंद, दारं किती. वर तपासनिसाचे शेरे. कोणाच्या ध्यानीमनी नसताना इतिहास लिहिणाऱ्याची सोय झाली.

[जुने, रंगीत, हाती काढलेले नकाशे.]

अमेरिकेत हेच काम विम्यानं केलं. १८६७ मध्ये सुरू झालेल्या सॅनबॉर्न कंपनीनं सुमारे बारा हजार गावांचे आणि शहरांचे नकाशे काढले, कारण विमा कंपन्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती: ही इमारत पेटली तर किती जळेल. विटांच्या भिंती गुलाबी, लाकडाच्या पिवळ्या. इमारत बदलली की नव्या कागदाचा तुकडा जुन्या नकाशावर चिकटवायचा. एका आवृत्तीत जिथे दुकान लिहिलंय, तिथे पुढच्या आवृत्तीत सिनेमा. मला हे नकाशे कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणापेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. भाषणात थिएटर कायम भव्य असतं. विमावाल्याला ते भव्य असण्याशी कर्तव्य नव्हतं.

पण कागदावर नोंद झाली म्हणजे माणसं वाचली, असं नाही.

[शांतता. एक बंद दार.]

३१ डिसेंबर १९२९. स्कॉटलंडमधलं पेझली गाव, ग्लेन सिनेमा. वर्षाचा शेवटचा दिवस, मुलांसाठी दुपारचा खेळ. नुकतंच दाखवून झालेलं एक रीळ डब्यात ठेवलं आणि डबा धुमसायला लागला. सभागृहाला आग लागली नव्हती. धूर तेवढा आत आला. मुलं पडद्याच्या बाजूच्या दाराकडे धावली. ते दार उघडलं नाही. मागून येणारी मुलं पुढच्यांवर पडत गेली. ७१ मुलं गेली.

त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी, ९ जानेवारी १९२७ ला, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये लॉरिये पॅलेस थिएटरात ७८ मुलं गेली होती. तिथे आग लागली होती, पण बहुतेक मुलं ज्वाळांनी गेली नाहीत. बाल्कनीच्या जिन्यात चेंगरून, घुसमटून गेली. त्यानंतर क्युबेक प्रांतात सोळा वर्षांखालच्या मुलांना थिएटरची दारं कित्येक वर्षं बंद झाली.

ही दोन थिएटरं एरवी कोणाला माहीत झाली असती? वस्तीतली साधी थिएटरं. आज त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या, दारांच्या कड्या, त्या दिवशी कोण कुठे उभं होतं, हे सगळं नोंदलेलं आहे, कारण चौकशी झाली. वाईट वाटतं, पण थिएटरांबद्दल सर्वांत बारकाईनं कोणी लिहून ठेवलं असेल तर ते चौकशी अधिकाऱ्यांनी.

[अरुंद जिना. कॅमेरा वर चढतो. केबिन.]

आता वर जाऊ. केबिनमध्ये.

भिंत जाड आहे. प्रोजेक्टरसमोर हाताच्या पंजाएवढ्या खिडक्या, त्यांवर लोखंडी झडपा. आग लागली की झडप खाली पडून खिडकी बंद व्हायची, प्रेक्षक सुरक्षित. आत ऑपरेटर. त्याच्या सुरक्षिततेचा विचार याच क्रमानं झाला होता, म्हणजे सर्वांत शेवटी.

जमिनीवर नीट बघा. नटबोल्टांच्या भोकांचे दोन चौकोन दिसतील. दोन प्रोजेक्टर होते. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. ते संपायच्या आत दुसऱ्या यंत्रावर पुढचं रीळ तयार हवं. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा, की दुसरी मोटर सुरू. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की अदलाबदल. खाली बसलेल्यांपैकी कोणाला तो ठिपका दिसत नसे, आणि ऑपरेटरला आयुष्यभर दुसरं काही दिसत नसे. वर छताला धुराड्याचं भोक आहे, कार्बनचा धूर जायला. पन्नाशीच्या दशकात कार्बनच्या कांड्यांऐवजी झेनॉन वायूचे बंद दिवे यायला लागले आणि पुढे धुराडं बुजवलं गेलं. २०१४ च्या सुरुवातीला पॅरामाउंटनं अमेरिकेत ३५ मिलिमीटर रुंद फिल्मच्या प्रती पाठवणं थांबवलं. मोठ्या स्टुडिओंपैकी असं करणारा तो पहिला. मग यंत्रं भंगारात गेली. बोल्टांची भोकं बुजवायचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत. घेऊही नयेत.

पडद्याच्या बाजूलाही असंच वाचता येतं. पडद्यापुढे जमीन खचल्यासारखी दिसते तिथे मूकपटांच्या काळी वादक बसायचे. पडद्याला बारीक भोकं असली तर तो बोलपटांच्या काळातला. मागच्या कर्ण्यांचा आवाज त्यांतून येतो. आणि जुन्या नक्षीदार कमानीच्या पुढे, कमानीपेक्षा रुंद असा दुसरा पडदा ताणलेला असेल, तर १९५३ नंतर सिनेमास्कोपनं चित्र आडवं वाढवलं तेव्हाची ती घाई आहे. कमान मोडायला पैसे नसतील, किंवा जीव झाला नसेल.

[वर्तमानपत्राची पिवळी पडलेली पानं.]

तारखांचं प्रकरण वेगळं. थिएटर उघडल्याची जाहिरात वर्तमानपत्रात असते, पण जाहिरातीतल्या दिवशी ते उघडलंच असेल याची खात्री नाही. रंग ओला असतो, परवाना अडकलेला असतो. बंद होण्याची तर जाहिरातही नसते. एक दिवस सिनेमांच्या रकान्यात नाव दिसत नाही, इतकंच.

'सर्वांत जुनं थिएटर' या पदवीवरून चालणारे वाद म्हणूनच मजेदार असतात. पोलंडमधल्या श्चेचिन शहरातलं पायोनियर या मानावर दावा सांगत होतं. डेन्मार्कमधल्या कोर्सोरचं थिएटर ऑगस्ट १९०८ पासूनचं. आणि फ्रान्समधल्या ला सिओता गावचं ईडन? इमारत १८८९ ची, पण ती नाटकांसाठी. सिनेमा तिथे १८९९ मध्ये दाखवला गेला. १९९५ मध्ये ते बंद पडलं, आणि दुरुस्त होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. आता वय इमारतीचं मोजायचं, पहिल्या खेळाचं, की न थांबता चाललेल्या वर्षांचं? मोजपट्टी बदलली की पहिला नंबर बदलतो. थिएटरच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेलं स्थापनेचं साल खरं असेलही. ते कशाचं आहे, एवढं विचारून घ्यावं.

[एक वृद्ध हात खुर्चीच्या पाठीवरून फिरतो.]

आणि माणसं?

ब्रिटिश अभ्यासक ॲनेट कून यांनी १९९० च्या दशकात, साठ वर्षांपूर्वी सिनेमाला जाणाऱ्या प्रेक्षकांना बोलतं केलं. लोक भरभरून बोलले, पण अमुक एका सिनेमाबद्दल फारच कमी. बोलले ते थिएटरपर्यंतच्या रस्त्याबद्दल, बरोबर कोण होतं त्याबद्दल, त्या जागेबद्दल. म्हणजे 'कुठला सिनेमा पाहिलात?' हा मुलाखतीतला सर्वांत वाया जाणारा प्रश्न. कुठल्या बाजूनं आत शिरायचात? दिवे लागले की पहिल्यांदा कुठे नजर जायची? कुठली खुर्ची टाळायचात? असं विचारलं की म्हातारी माणसं हवेत बोटानं नकाशा काढायला लागतात. तो नकाशा परवान्याच्या नकाशाशेजारी ठेवून बघावा. दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबावं, कारण बहुतेकदा कागदावर नसलेली एखादी भिंत तिथे उभी राहिलेली असते.

सर्वांत आधी मात्र डोअरकीपरला गाठावं. अंधारात टॉर्च घेऊन उभा असलेला हा माणूस रोज प्रेक्षकांचे चेहरे बघत होता. कोण कधी उठून गेलं, कोण एकटं रडत होतं, कोणाला तिसऱ्यांदा तोच सिनेमा बघायचा होता, हे त्याला ठाऊक. खेळ चालू असताना पडद्याकडे पाठ करायला मोकळा असलेला तो एकटाच. आणि त्याची मुलाखत घ्यायला क्वचितच कोणी जातं.

१९६७ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९६९ मध्ये अमेरिकेत थिएटरांच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी लोकांच्या संस्था निघाल्या. दोन्हीकडे तोवर शेकडो थिएटरं पडून झाली होती. उशीर झालाच. पण त्यांनी हिशेबाच्या वह्या, तिकिटांची अर्धुकं, खुर्च्यांवरचे पितळी आकडे, जे हाती लागलं ते उचललं.

[सभागृह. दिवे एकेक करून मालवले जातात.]

आमचं चित्रीकरण संपलं आहे. खुर्च्या मोजून झाल्या. वाटांची रुंदी मापली, केबिनमधल्या भोकांचे फोटो घेतले. सामान आवरून पडद्याच्या डाव्या बाजूच्या दारानं बाहेर पडायचंय, कारण पुढच्या दाराला कुलूप आहे.

या दाराला मूठ नाही. छातीच्या उंचीवर एक आडवा लोखंडी दांडा आहे. त्यावर नुसता भार द्यायचा.

[दांड्यावर एक तळवा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. उजेड.]