कढीपत्त्यावरचा बहुरूपी

[दृश्य : चौथ्या मजल्यावरची गॅलरी. ग्रिलपलीकडे येऊरचा डोंगर, अर्धा ढगात.]

वर्तकनगर, ठाणे. सकाळचे साडेसात. आई फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला गॅलरीत येते आणि हाक मारते, "अगं, पानावर पाखराची शीट पडलीय. ओल्या फडक्यानं पूस बघू."

मी फडकं घेऊन वाकले. शीट हलली.

[दृश्य : पान, अगदी जवळून. काळपट-पांढरा ठिपका हळूच पुढे सरकतो.]

ही अळी आहे. बहुरूपी फुलपाखराची. इंग्रजीत त्याला कॉमन मॉरमॉन म्हणतात. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं आणि या अळीचं पोट त्यांच्यावरच. चौथी कात टाकेपर्यंत ती अशी विष्ठेसारखीच दिसते. विष्ठा कोण खाणार? म्हणून तर भरदिवसा, उघड्या पानावर ती निवांत बसते. पालेभाजीतली बारीकशी कीडही आईच्या नजरेतून सुटत नाही. ती आईसुद्धा फसली.

शोधल्यावर अशा पाच सापडल्या. त्या दिवशी वरणाला कढीपत्त्याशिवायच फोडणी बसली.

[दृश्य : खाडी, ओहोटी. चिखलावर रोहित पक्ष्यांचा थवा.]

थंडीत आम्ही ऐरोलीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला जातो. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. ओहोटीला चिखलावर पसरलेला तो गुलाबी रंग एकदा तरी बघावाच. पण तिथे आपण तासभर असतो. या कुंडीपाशी मी महिनाभर रोज उभी राहिले.

[दृश्य : फोन, त्यावर चिमट्यानं लावलेली छोटी मॅक्रो लेन्स.]

माझ्याकडे फोन आहे आणि ही एवढीशी लेन्स. इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम केसभर भाग स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर. वाऱ्यानं पान हललं की संपलं. फ्लॅश मारला तर अळीचं अंग चकाकतं आणि रंग मरतो. त्यापेक्षा पावसाळी सकाळचा मऊ उजेड घ्यावा, सावलीच्या बाजूला एक पांढरा कागद धरावा, पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करावा आणि श्वास रोखावा.

चौथी कात टाकली आणि अळी हिरवीगार झाली. पाठीच्या उंचवट्यावर दोन डोळे. मी त्या डोळ्यांवर फोकस धरून दोन दिवस फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ते डोळे नाहीतच. नुसते ठिपके आहेत, भक्ष्य शोधणाऱ्याला दचकवायला. खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली वाकलेलं, पान कुरतडत असतं. ते सगळे फोटो मी जपून ठेवलेत. कारण मी जिथे फसले, नेमकं तिथेच पक्ष्यानं फसावं अशी ती रचना आहे.

एकदा चुकून बोट लागलं. डोक्यामागून लालभडक, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. तो फोटो एकच आहे. दुसऱ्यासाठी तिला डिवचणं मला पटलं नाही.

[आवाज : शिंपी पक्ष्याची खणखणीत 'टुविट टुविट'.]

मग शिंपी आला. वर वळलेली शेपटी, तांबूस टोपी, मूठभरही नाही. तीन दिवसांत तीन अळ्या उचलून नेल्या. आई कळवळून म्हणाली, "हुसकाव की त्याला!" पण खालच्या जास्वंदीत त्यानं पान शिवून घरटं केलं होतं आणि आत पिल्लं होती. त्या घरट्याचं चित्रण या फिल्ममध्ये नाही. फोटोसाठी पानं बाजूला सारली की कावळ्याला वाट दिसते.

[दृश्य : दोन कोष. एक हिरव्या फांदीवर हिरवा, एक वाळक्या काडीवर तपकिरी.]

उरलेल्या दोन अळ्यांचे कोष झाले. शेपटीचं टोक काडीला चिकटलेलं आणि रेशमाच्या एका धाग्यावर अंग मागे रेललेलं. मग कितीतरी दिवस काहीच घडत नाही. मी मात्र रोज सकाळी त्याच कोनातून एक फोटो काढत होते.

दहाव्या दिवशी हिरवा कोष काळपट झाला, आतले पंख दिसू लागले. अकराव्या दिवशी सकाळी तो उकलला. चुरगळलेले ओले पंख, ते हळूहळू ताणले जातात, वाळतात. तासाभरानं समोर होती एक मादी : काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे डाग, कडेला लाल ठिपके.

बहुरूपी हे नाव इथे कळतं. याच्या मादीचं एक रूप हुबेहूब कॉमन रोझ फुलपाखरासारखं दिसतं. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, त्यातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीच्या मादीत विष नाही, फक्त सोंग आहे. आधी विष्ठेचं, मग खोट्या डोळ्यांचं, आता विषारी शेजारणीचं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू निलवंत हिचाच भाऊबंद.

ती ग्रिलमधून बाहेर पडली आणि पार्किंगवरून येऊरच्या बाजूला गेली.

[दृश्य : तपकिरी कोष. कडेला सुईच्या टोकाएवढं भोक.]

दुसऱ्या कोषातून फुलपाखरू आलं नाही. त्याला बारीक भोक पडलं आणि त्यातून मुंगीहून लहान, चमकदार माश्या एकामागून एक बाहेर आल्या. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या, परजीवी. कोष नवा, मऊ असताना त्यांच्या आईनं आत अंडी घातली होती. रोज फोटो काढत होते, तरी ती केव्हा येऊन गेली हे मला दिसलंच नव्हतं.

मी आईला बोलावलं. तिनं चष्मा लावला, वाकून बराच वेळ बघितलं.

"यांचाही काढ फोटो," ती म्हणाली. "हल, उजेड अडवू नकोस."