ताऱ्यापुढचं धनुष्य

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठा नक्षत्रातला तांबूस तारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या उत्तरेला, भुजंगधारी तारकासमूहात, झीटा ऑफियुची नावाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो एक ठिपका. पण स्पिट्झर अवकाश दुर्बिणीनं त्याला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात टिपलं, तेव्हा त्याच्या पुढ्यात एक भलीमोठी कमान झळकताना दिसली. ताणलेल्या धनुष्यासारखी!

हा तारा सूर्याच्या सुमारे 20 पट वस्तुमानाचा आहे आणि सेकंदाला 20 किलोमीटरहून अधिक वेगानं धावतो आहे. पूर्वी त्याला एक जोडीदार असावा. दोघं एकमेकांभोवती फिरत होते. जोडीदाराचा स्फोट झाला, बांधून ठेवणारी ओढ सुटली आणि गोफणीतून धोंडा सुटावा तसा हा तारा निघाला.

तो धावतो ती जागा रिकामी नाही. ताऱ्यांच्या मधल्या प्रदेशात वायू आणि धूळ असते. अतिशय विरळ. एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम एखादा अणू. इतक्या विरळ वायूचा कसला अडथळा, असं तुम्ही म्हणाल. मलाही ही शंका बराच काळ छळत होती. उत्तर अंतरांमध्ये आहे. ही कमान ताऱ्यापासून जवळजवळ अर्धा प्रकाशवर्ष पुढे आहे. एवढ्या विस्तारात अणूंना एकमेकांवर आदळायला भरपूर वाव मिळतो, शिवाय वायूतलं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना एकत्र गुंफून ठेवतं. म्हणून तो वायू एकसंध प्रवाहासारखा वागतो.

आता खरी गंमत. वायूमध्ये एखादी वस्तू सावकाश सरकत असेल, तर तिच्या दाबाची वर्दी ध्वनीच्या वेगानं पुढे जाते. पुढचा वायू आधीच बाजूला होतो, वाट करून देतो. पण येणारा ध्वनीपेक्षा वेगवान असेल, तर? वर्दी पोहोचायच्या आत तोच येऊन धडकतो. आंतरतारकीय वायू काही हजार अंश तापमानाचा असेल, तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास असतो. आपला तारा त्याहून कितीतरी वेगवान. समोरचा वायू बेसावध गाठला जातो, एकाएकी दाबला जातो, तापतो. हाच आघात तरंग.

मात्र वायूवर आदळतो तो ताऱ्याचा पृष्ठभाग नव्हे. अशा तप्त ताऱ्यातून सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगानं कणांचा झोत सर्व दिशांना वाहत असतो. त्याला तारकीय वारा म्हणतात. तारा पुढे पुढे जातो आणि त्याचा वारा समोरून येणाऱ्या वायूला रेटतो. ताऱ्यापासून दूर जाताना वारा पसरतो, त्याचा जोर अंतराच्या वर्गानुसार घटतो. जिथे दोन्हींचा रेटा सारखा होतो, तिथे सीमा ठरते. आघात तरंग तिच्या किंचित पुढे उभा राहतो. बाजूंना धडक तिरपी बसते, म्हणून कमान मागे वळत जाते. ताऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर सीमा निम्म्या अंतरावर येते. वायू चौपट दाट झाला, तरी तेच. म्हणजे कमानीचं अंतर, ताऱ्याचा वेग आणि वायूची घनता माहीत असेल, तर त्या अदृश्य वाऱ्याचा जोर मोजता येतो! मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कमान अवरक्त प्रकाशात दिसते ती तिथे दाटलेल्या धुळीमुळे. ताऱ्याच्या प्रकाशानं ती धूळ ऊबदार होते आणि उजळते. मृगातल्या काक्षी या ताऱ्यापुढेही अशी कमान आहे.

तारा धावायलाच हवा असंही नाही. मृगातल्या तेजोमेघात एलएल ओरायनिस या ताऱ्याभोवती वायूच वाहत येतो, आणि कमान तयार होते. वेग एकमेकांच्या तुलनेत मोजायचा.

मग आपला सूर्य? त्यालाही वारा आहे, तोही वायूतून चालला आहे. त्याच्यापुढे आघात तरंग असणारच, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. 2012 मध्ये आयबेक्स या उपग्रहाच्या मोजणीतून सूर्याचा हा वेग सेकंदाला सुमारे 23 किलोमीटर निघाला, आधीच्या 26 पेक्षा कमी. भोवतालच्या वायूतलं चुंबकीय क्षेत्रही लक्षात घेतलं, तर दाबाची वर्दी त्याहून वेगानं पुढे पोहोचते. म्हणून सूर्यापुढे आघात नसून सौम्य लाट असावी, असा निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनी काढला. पण सूर्य एका जागी थांबलेला नाही. पुढे कधी तो अधिक थंड, अधिक दाट मेघात शिरला, तर वर्दी मागे पडेल आणि त्याच्याही पुढ्यात धनुष्य उभं राहू शकेल.

नमस्कार.