स्टेपनी बांधलेलं विमान

पडद्यावरचं हे विमान नीट बघा. डीएच-नाइन-ए, 1920 च्या दशकातलं ब्रिटिश हवाई दलाचं. पंख लाकूड-कापडाचे. आणि अंगाला हे गोल काय बांधलंय? स्टेपनी! हसू नका. तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या दगडधोंड्यांत उतरताना टायर फुटला, तर मदतीला येणार कोण? पाणी, शिधा, अंथरूण, सगळा संसार बरोबर घेऊनच निघायचं. वैमानिकाच्या खिशात स्थानिक भाषेतली एक चिठ्ठीही असे: याला धडधाकट परत पोचवा, बक्षीस मिळेल.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरूनच खर्च करा, असं 1919 साली मंत्रिमंडळानं ठरवलं. या विमानाला वारस शोधायची वेळ आली तेव्हा हवाई खात्यानं अट घातली, गोदामात पडलेले जुने सुटे भाग शक्य तितके वापरा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसा हा प्रकार. वेस्टलँड कंपनीला त्या जुन्या विमानाची खडान्‌खडा माहिती होती, कारण तिनं ते स्वतःच बांधलेलं. 1927 साली तिचं वापिटी हे नवं विमान उडालं, पंख जुन्याच विमानाचे. इंजिन मात्र ब्रिस्टल ज्युपिटर, हवेनं थंड होणारं. रेडिएटरच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उकळण्याची आणि गोळी लागून ते गळण्याची भानगडच मिटली. मला ही हुशारी फार आवडते.

मघाशी कुणीतरी विचारलं, या विमानांना एकावर एक दोन पंख, म्हणजे ही बायप्लेन, कशाला? त्या काळी पंख पातळ असत. एकटा लांब पंख बाहेरून आधार दिल्याशिवाय भार पेलणार कसा? दोन पंख एकावर एक, मध्ये खांब, आडव्यातिडव्या तारा, की रेल्वेच्या पुलासारखी जोडणी तयार होते. हलकी आणि भक्कम. पंखांचं क्षेत्रफळ भरपूर मिळतं, म्हणून विमान सावकाश, थोडक्या जागेत उतरतं. याची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. वेग दुप्पट झाला की त्या तारा-खांबांना होणारा विरोध चौपट होतो. वापिटीचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथे हा सौदा परवडे. पुढे हजार अश्वशक्तीची इंजिनं आली आणि हिशेब फिरला. तोवर बायप्लेन बांधणाऱ्यांना मागासलेले म्हणणं मला पटत नाही.

आता या विमानांचं काम. पायदळ पाठवण्यापेक्षा विमान स्वस्त, म्हणून सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या गावांवर आधी इशाऱ्याची पत्रकं टाकायची आणि मग बॉम्ब. काटकसरीच्या हिशेबात ती घरंही होती. आणि 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. तिच्या पहिल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते, पुढे 1954 साली हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते. या तुकडीलाही त्याच सरहद्दीवरच्या वझिरिस्तानच्या मोहिमांवर जावं लागलं.

कराचीतल्या त्या दिवसानंतर दोनच दिवसांनी, 3 एप्रिलला, बिहारमधल्या पूर्णियाजवळून वेस्टलँडचीच दोन बायप्लेन एव्हरेस्टकडे निघाली. त्यांतलं एक वॉलेस, म्हणजे वापिटीचंच सुधारलेलं रूप. इंजिन पेगॅसस, विरळ हवेतही दम टिकवणारं. गोधडी शिखरावरून पार गेली! आत सिडनी बॉनेट नावाचा कॅमेरामन चित्रण करत होता. मध्येच त्याची प्राणवायूची नळी फाटली. त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्याभोवती आवळून बांधला आणि तिथेच बेशुद्ध पडला. विमान खाली आल्यावर तो शुद्धीवर आला.