मामांच्या ताटातली चटणी

नमस्कार मंडळी. आज मेंदूबद्दल बोलायचंय, आणि एक गोष्ट कानात ठेवा, उजवा मेंदू डावं अंग चालवतो, डावा मेंदू उजवं.

डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, तळव्यावर टोकदार काहीतरी ओढून अंगठा वर जातोय का बघतात, बोट नाकाला लावा म्हणतात, ते उगाच नसतं. नाकाशी जाताना बोट चुकायला, थरथरायला लागलं की संशय मागच्या लहान मेंदूवर. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूत, हे पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी 1865 साली मांडलं. पण उजवा मेंदू काय करतो ते मला आमच्या मामांच्या ताटात कळलं.

मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. एका सकाळी डावा हात लुळा पडला, मिरजेला ॲडमिट केलं, आठवड्यानं घरी आले, बोलणं चोख, हिशेब चोख, आम्हाला वाटलं सुटलो. दुपारी जेवायला बसले आणि मामीवर ओरडले, "चटणी संपली का घरातली?" अहो, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, लिंबू सगळं रीतीप्रमाणं डावीकडं वाढलेलं! उजवीकडची वांग्याची भाजी, आमटी चाटूनपुसून खाल्लेली, भाकरीसुद्धा उजवी अर्धीच. (हल्ली बुफेत सगळा काला करतात, पानाला डावं-उजवं राहिलंच नाही, मला ते अजिबात आवडत नाही.) मामी म्हणाली, आजारपणानं तिरसट झालेत.

मी तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला. कागदावर गोल काढून दिला, म्हटलं मामा, घड्याळाचे आकडे घाला. बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, डावी बाजू कोरी! मग समोर बसून बोटं हलवली, एकटं डावीकडचं हललं तर सांगायचे, दोन्ही एकदम हलवली की फक्त उजवीकडचं. म्हणजे डोळा चांगला होता, तिरसटपणा तर नव्हताच. उजव्या मेंदूचा पराइटल लोब, म्हणजे वरचा-मागचा भाग, दुखावला की डावीकडचं जग लक्षातच येत नाही. पुन्हा सांगतो, दिसत असतं, लक्षात येत नाही.

मामीनं ताट फिरवलं, तर मामा म्हणाले, "अगं, ही काय चटणी!"

आणि हो, तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली तर तेल चोळत बसू नका, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

मामांच्या पेपरला आम्ही डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायचो, पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ वाचायची. दिवाळीला परत घड्याळ काढायला लावलं. नऊ डावीकडं गेला होता, दहा-अकरा अजून उजवीकडंच.