घुंगरांचा झगा

(दृश्य: पहाटेचं जेरुसलेम, रिकाम्या दगडी पायऱ्या. लांबून घुंगरांचा आवाज.)

जेरुसलेमच्या प्राचीन यहुदी मंदिरात मुख्य याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, पवित्रस्थानात शिरला, की आधी त्याचा झगा वाजायचा. निळा झगा, घेराला सोन्याची घुंगरं, आणि दर दोन घुंगरांमध्ये सुताचं एक डाळिंब. निळं, जांभळं, किरमिजी सूत. किरमिजी हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याच्या पोटात एक किडा दडलाय. लाल रंग त्याच्यापासूनच काढत. हिब्रूतल्या या रंगाच्या नावातही किडा आहेच.

साध्या याजकाला चार वस्त्रं: चोळणा, अंगरखा, कमरबंद, मंदील. मुख्य याजकाला आठ. खांद्यांवर दोन रत्नं, एकेकावर इस्राएलच्या बारा वंशांपैकी सहा-सहांची नावं कोरलेली. छातीवर वीतभर चौरस ऊरपट, त्यात बारा रत्नं. कपाळावर सोन्याची पट्टी. एवढा थाट, आणि पाय मात्र अनवाणी.

लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं कापड इतर यहुद्यांना वर्ज्य. याजकाच्या पोशाखात नेमकं तेच!

या वस्त्रांविना मुख्य याजकाचं काम अडायचं, हे रोमनांनी बरोबर हेरलं. मंदिराला लागूनच असलेल्या अँटोनिया किल्ल्यात त्यांनी ती ताब्यात ठेवली. सण आला की काढून द्यायची, सरला की पुन्हा कुलपात. आपल्याच देवापुढे उभं राहायला परक्या शिपायाकडे कपडे मागायचे. अखेर इ.स. 36च्या सुमारास विटेलियस या रोमन सुभेदारानं ती परत केली.

(दृश्य: पांढरं कापड, पाण्याचं कुंड.)

योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. वर्षातून याच दिवशी मुख्य याजक परमपवित्रस्थानात, मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात, जाई. आत जाताना सोनं उतरवायचं, घुंगरंही. अंगावर फक्त पांढरं लिनन. दिवसभरात पाच वेळा स्नान, दर वेळी कपडे बदलायचे. ती पांढरी वस्त्रं तिथेच ठेवून द्यायची.

इ.स. 70मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं.

त्याआधी मांडवांच्या सणाला रात्री मंदिराच्या अंगणात उंच दिवे पेटत. त्यांच्या वाती याजकांच्या विरलेल्या चोळण्यांच्या आणि कमरबंदांच्या. मिश्ना हा जुना यहुदी ग्रंथ सांगतो, त्या उजेडात उजळलं नाही असं एकही अंगण जेरुसलेममध्ये नसे.